एकाच वर्षी सारे काही : आयुष्यातील बदलांचा हिशेब

बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला लोकांच्या आयुष्यातील घडामोडी अर्जांच्या रूपाने कळतात. पत्ता बदलण्याचा अर्ज आला की घर बदलले असे समजावे. नाव बदलण्याचा अर्ज आला की लग्न झाले असावे. आणि अर्जाला मृत्यूचा दाखला जोडलेला असला की मग काही विचारावेच लागत नाही. वीसएक वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. हे अर्ज पुष्कळदा एकेकटे येत नाहीत. पती वारल्यानंतर खात्याची कागदपत्रे घेऊन आलेली बाई त्याच दिवशी मुलाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करते आणि जाता जाता विचारते, "साहेब, आता मी भावाकडे राहायला जाणार, तर पत्ता कसा बदलायचा?" तीन अर्ज, तीन टेबले, आणि त्यांच्यामागे माणूस मात्र एकच.

आपल्याकडे अशा वेळी 'दुष्काळात तेरावा महिना' असे म्हणण्याची पद्धत आहे. परंतु ही म्हण फक्त संकटांपुरती आहे. प्रत्यक्षात नोकरी लागणे, लग्न होणे, स्वतःचे घर होणे, मुलाला चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळणे अशा आनंदाच्या गोष्टीही एकदम आल्या तर माणूस मेटाकुटीला येतो. असे का होते आणि अशा वेळी काय करावे, याविषयी थोडे वाचलेले आणि थोडे स्वतः भोगलेले वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बदलांचे मोजमाप

आयुष्यातील बदल आणि आजारपण यांचा काही संबंध आहे काय, असा प्रश्न अमेरिकेतील थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन डॉक्टरांना पडला. १९६७ साली त्यांनी ४३ घटनांची एक यादी प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी ३९४ लोकांना विचारले होते की, लग्न झाल्यावर माणसाला स्वतःला जेवढे बदलावे लागते, त्याच्या तुलनेत अमुक घटनेत किती बदलावे लागेल? त्या उत्तरांवरून प्रत्येक घटनेला गुण दिले गेले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५०, निवृत्तीला ४५, घर बदलण्याला २०. एका वर्षातील घटनांच्या गुणांची बेरीज जितकी जास्त, तितका आजाराचा धोका जास्त, असे त्यांचे म्हणणे होते.

या यादीत दुःखाच्या गोष्टींबरोबर सुखाच्याही गोष्टी आहेत, कारण ती दुःख मोजत नाही, जुळवून घेण्याचे श्रम मोजते. आपला रोजचा दिवस बराचसा सवयीवर चाललेला असतो. काडेपेटी कुठल्या फळीवर आहे, भाजीवाली कुठे बसते, कितीची लोकल पकडायची, रात्री आईला कोणती गोळी द्यायची, या गोष्टींचा आपण विचार करीत नाही. हात आपोआप जातो. घर बदलले की काडेपेटी शोधावी लागते, नोकरी बदलली की लोकल शोधावी लागते, घरातले माणूस गेले की संध्याकाळी कोणाशी बोलायचे ते शोधावे लागते. एक सवय मोडली तर बाकीच्या सवयी आधाराला असतात. चार सवयी एकदम मोडल्या तर सकाळी उठल्यापासून प्रत्येक क्षुल्लक गोष्टीचा विचार करावा लागतो आणि दुपारपर्यंतच माणूस थकून जातो. मग चिडचिड, विसराळूपणा आणि झोपमोड ओघानेच आली.

आपल्या देशात गुरमीत सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली भारतीय जीवनाला धरून ५१ घटनांची वेगळी यादी 'इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री'मध्ये प्रसिद्ध केली. ती वाचताना आपला समाज डोळ्यांपुढे उभा राहतो. जोडीदाराच्या मृत्यूला ९५ गुण आहेत. नोकरीतून निलंबन किंवा बडतर्फी झाली तर ७६. मोठ्या कर्जाला ४९ आणि मुलीच्या किंवा अवलंबून असलेल्या बहिणीच्या लग्नालाही ४९. निवृत्तीला अमेरिकेत ४५ तर आपल्याकडे ३५. याउलट घर बदलण्याला तिकडे २० तर इकडे ३९. शेजारपाजार सुटणे आपल्याला किती जड जाते, ते या एका आकड्यावरून कळावे. आणखी एक नोंद विचार करायला लावणारी आहे. घरातील माणसाच्या आजारपणाला ५२ गुण आहेत आणि ज्योतिषाने सांगितलेल्या भविष्यालाही ५२च! म्हणजे जे घडलेलेच नाही, त्याचे ओझेही आपली माणसे खऱ्या आजाराइतकेच वाहतात.

अशा गुणांच्या बेरजेला निदान समजू नये. होम्स-राहे यादीची पडताळणी १९७० साली अमेरिकी आरमारातील अडीच हजारांवर नौसैनिकांवर झाली. तेव्हा गुण आणि आजार यांचा संबंध दिसला, पण तो फार मोठा नव्हता. तेच वर्ष एकाला झोपवते आणि दुसरा त्यातून तरून जातो. भारतीय यादी तयार करतानाही असे आढळले की, आपली सर्वसामान्य माणसे आयुष्यात सरासरी अशा दहा घटना उघड दुखणे न ओढवता सोसतात. तेव्हा यादी घाबरण्यासाठी नाही. आपण कशाने थकलो आहोत ते ओळखण्यासाठी ती आहे.

माझे २०१८ साल

आता स्वतःविषयी. २०१८ साल उजाडले तेव्हा आमच्या घरी तीन गोष्टी ठरलेल्या होत्या. मुलगी दहावीला होती, तिची परीक्षा मार्चमध्ये. वीस लाखांचे कर्ज काढून घेतलेल्या घराचा ताबा त्याच महिन्यात मिळणार होता. आणि लिपिक पदावरून अधिकारी होण्यासाठी मी एप्रिलमध्ये बढतीच्या परीक्षेला बसणार होतो. जानेवारीच्या शेवटी चौथी गोष्ट घडली, जी कोणी ठरवली नव्हती. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी वडील अचानक वारले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि चौथ्या दिवशी मी आईला घेऊन निघालो. गावी तिला एकटी कशी ठेवायची, असे सर्वच म्हणत होते. मुलीचा अभ्यास बुडत होता, माझी रजा संपली होती. दोन शेळ्या चुलतभावाला दिल्या, घराला कुलूप लावून किल्ली शेजारी ठेवली. आईला विचारले नाही असे नाही. "आई, चल आता आमच्याकडे," असे मी म्हणालो आणि ती उठली. तिचे उठणे मी होकार समजलो.

इकडे भाड्याच्या खोलीचा करार संपायला अजून तीन महिने होते. भाडे आठ हजार आणि कर्जाचा हप्ता १७,३५६ रुपये. दोन्ही एकदम भरायचे म्हणजे महिना २५ हजारांच्या वर. रोज दुसऱ्यांचे आकडे जुळवणारा मी. मी हिशेब केला की लगेच नव्या घरात गेलो तर २४ हजार वाचतील. "एकदाचे सगळे उरकून टाकू," असे मी पत्नीला म्हणालो. मुलीचा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी टेम्पो दारात उभा केला. म्हणजे दोन महिन्यांत आईचे दुसऱ्यांदा घर बदलले, आणि हे दुसरे घर सहाव्या मजल्यावर.

नव्या घरात आई बोलेनाशी झाली. पहाटे तीनला उठून खिडकीशी बसे. भाकरी अर्धी टाकू लागली. मला हे दिसत होते, पण परीक्षा तोंडावर होती. परीक्षा झाली की दवाखान्यात दाखवू, असे मी ठरवले. एप्रिलमधल्या एका दुपारी ती कापडी पिशवी घेऊन घराबाहेर पडली. चार तास आम्ही शोधत होतो. शेवटी ती एस. टी. स्टँडवर बाकावर बसलेली सापडली. गाडीची चौकशी करण्याइतके तिला सुचले नव्हते, पण स्टँडवर गेले की गावाची गाडी मिळते, एवढे ठाऊक होते. घरी आल्यावर ती मला काही बोलली नाही. तांदूळ निवडताना पत्नीला मात्र म्हणाली, "समद्यांची कामं झाली. माझंच तेवढं कुणी इचारलं न्हाई."

बेरीज आणि तिच्यात न दिसणारे

वर सांगितलेली भारतीय यादी माझ्या हाती आली ती पुढे. तेव्हा बँकेतल्या सवयीने मी दोन रकाने आखले, एक माझा आणि एक आईचा. माझ्या रकान्यात जवळच्या माणसाचा मृत्यू ६६, मोठे कर्ज ४९, घरखरेदी ४६, परीक्षा ४३, घर बदलणे ३९, घरात नवे माणूस येणे ३०, एकूण २७३. आईच्या रकान्यात जोडीदाराचा मृत्यू ९५, घर बदलणे ३९, झोपेतील बदल ३३, कौटुंबिक कार्यक्रम कमी होणे २९, खाण्यातील बदल २७, एकूण २२३. आकड्यांवरून पाहिले तर माझेच ओझे जास्त होते.

मग मी प्रत्येक ओळीपुढे एक खूण केली : हे कोणी ठरवले? माझ्या २७३ पैकी वडिलांच्या मृत्यूचे ६६ वगळता उरलेले २०७ गुण माझ्याच निर्णयांचे होते. कर्ज मी काढले, घर मी घेतले, परीक्षेचा अर्ज मी भरला, आईला मी आणले. आईच्या २२३ पैकी एकही गुण तिच्या निर्णयाचा नव्हता. बेरीज हे सांगत नाही. एकाच छपराखाली एकाच वेळी होणारे बदल कोणाला निवडीने मिळतात आणि कोणावर नुसते येऊन पडतात, हा फरक नुसत्या बेरजेत दिसत नाही. तो घरातल्या माणसांनीच पाहावा लागतो. घरातल्या कर्त्याला आपलीच धावपळ दिसते. जे गप्प आहेत त्यांचे बरे चालले आहे, असे तो धरून चालतो. मीही तेच केले.

एक मोठे उदाहरण

आपल्या परिचयाचे एक चरित्र या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. १९१३ साल बाबासाहेबांच्या आयुष्यात कसे आले? पदवी हाती आली होती, घरात मुलगा काही महिन्यांचा होता, बडोदे संस्थानची नोकरी नुकतीच धरलेली होती आणि २ फेब्रुवारीला वडील रामजी सुभेदार यांचे निधन झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. म्हणजे बाप होणे, पदवी, नोकरी, पितृवियोग आणि परदेशगमन असे सारे वर्षभराच्या आत. हे सर्व आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच काळात मागे राहिलेल्या रमाईंच्या वाट्याला काय आले? सासरे गेलेले, पती समुद्रापलीकडे आणि पदरी तान्हे मूल. हा रकानाही त्याच हिशेबातला आहे.

या चरित्रातून शिकण्याजोगी दुसरी गोष्ट १९१७ सालची आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. परंतु परतण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मिळवली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, बचत केली, मित्र नवल भथेना यांच्याकडून पैसे उसने घेतले, शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. काम थांबवावे लागले, पण सोडले नाही. जाताना दोऱ्याचे टोक बांधून ठेवले, म्हणून ते पुन्हा हाती आले.

मग काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे सर्व बदल एका कागदावर लिहून काढावेत. मनात असतात तोवर ते दहा वाटतात, कागदावर बहुधा चार-पाचच निघतात. त्यांचे तीन भाग करावेत. जे आपल्यावर येऊन पडले आहेत ते, जे आपण ठरवले पण आता थांबवता येत नाहीत ते, आणि जे आपण ठरवले व पुढे ढकलता येतात ते. मृत्यू आणि आजार पहिल्या भागात येतात. मुलांची परीक्षा दुसऱ्या भागात येते. तिसऱ्या भागात आपल्याला वाटते त्यापेक्षा अधिक गोष्टी असतात. माझे घर बदलणे त्या भागातले होते. मी ते दुसऱ्या भागात धरले, इथे चुकलो.

दुसरी गोष्ट, पुढे ढकलायचे ते रीतसर ढकलावे. नुसते 'बघू नंतर' म्हटले की ते काम मनावर तसेच राहते. अर्ज द्यावा, मुदत मागावी, मिळालेली परवानगी लेखी घ्यावी, तारीख डायरीत लिहावी. बढती नाकारण्याचे परिणाम बँकेबँकेत वेगळे असतात, म्हणून नियम आधी विचारून घ्यावा.

तिसरी गोष्ट पैशाची. घराचे कर्ज काढताना भाडे आणि हप्ता दोन्ही भरावे लागतील अशा निदान तीन महिन्यांची तरतूद आधीच बाजूला ठेवावी. घाई पुष्कळदा पैशाच्या ओढीमुळे होते. तसेच घरात मृत्यू झाल्यावर पहिले काही महिने घर-जमीन विकणे, आलेली सर्व रक्कम एखाद्या योजनेत गुंतवणे, कोणाला जामीन राहणे असे निर्णय घेऊ नयेत. नॉमिनीला खात्यातील पैसे मिळतात, पण त्यामुळे इतर वारसांचा हक्क संपत नाही, हेही कुटुंबात सर्वांना सांगून ठेवावे. दुःखाच्या दिवसांत यावरूनच भांडणे लागतात.

चौथी गोष्ट, सर्व काही बदलू देऊ नये. काही लहान सवयी हट्टाने जपाव्यात. सकाळचा चहा त्याच कपात, रविवारचा वंदनेचा कार्यक्रम, जुन्या शेजाऱ्यांकडे महिन्यातून एक फेरी. म्हाताऱ्या माणसाला नव्या घरात आणताना त्याची गोधडी आणि त्याचे भांडे बरोबर आणावे. या गोष्टी क्षुल्लक दिसतात, पण चार सवयी मोडलेल्या असताना पाचवी आधाराला असते ती हीच.

पाचवी गोष्ट, विचारावे. "चल" असे न म्हणता "कधी येशील? इथे काय ठेवायचे, बरोबर काय घ्यायचे?" असे विचारावे. आणि झोप, भूक, बोलणे हे दोन-तीन आठवडे बिघडलेले राहिले तर 'परीक्षा झाल्यावर' असे म्हणू नये. डॉक्टरांना दाखवावे. २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. तिथे बोलणे म्हणजे वेड लागले असे मुळीच नाही.

विद्यार्थी मित्रांसाठी

बारावीनंतर गावाहून शहरात येणाऱ्या मुलामुलींवर एकाच जून-जुलैत पाच-सहा बदल कोसळतात. घर सुटते, जेवण बदलते, शिकण्याची भाषा बदलते, खोलीत अनोळखी माणसे येतात, हाती पहिल्यांदा पैशाचा व्यवहार येतो, आणि घरच्यांच्या अपेक्षा सोबत असतातच. पहिल्या सत्रात गुण कमी पडले तर आपण हुशार नाही, असा अर्थ पुष्कळजण काढतात. तो बहुधा चुकीचा असतो. बुद्धी तीच असते. ती जुळवून घेण्यात खर्च होत असते. पहिल्या सत्रात आणखी नवे काही अंगावर घेऊ नये. शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहाचा अर्ज मुदतीत भरावा. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. घरची अडचण आली आणि शिक्षण थांबवावेच लागले, तर न सांगता नाव गळू देऊ नये. महाविद्यालयात लेखी कळवावे, गुणपत्रके व दाखले ताब्यात घ्यावेत, मुक्त विद्यापीठाची वाट आहे का ते पाहावे. दोऱ्याचे टोक बांधून ठेवावे ते असे.

समारोप

स्टँडवरून आईला आणल्यानंतर मी बढतीची त्या वर्षीची मुलाखत दिली नाही. ती रजा घेऊन तिला गावी नेले. घराचे कुलूप तिनेच उघडले. मी, पत्नी आणि धाकटी बहीण असे आळीपाळीने दोन महिने तिच्याजवळ राहिलो. वडील गेल्यानंतर त्या घरात ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली. पुढे काय करायचे ते तिनेच ठरवले. पावसाळा आणि सुगी गावी, बाकीचे दिवस आमच्याकडे. आजही तसेच चालते. पुढच्या वर्षी मी पुन्हा परीक्षेला बसलो, पण यादीत नाव आले नाही. आज मी लिपिकच आहे. त्याची खंत अजिबात नाही असे म्हटले तर ते खरे होणार नाही. पण जे २४ हजार वाचवायला मी निघालो होतो, त्यांची किंमत मला त्या चार तासांत कळली.

बदल टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. मात्र ते एकदम आले म्हणून एकदम उरकायलाच हवेत, असे नाही. वाचकांनी कधी असा हिशेब मांडला तर आपल्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखावा, आणि घरात जो सर्वांत कमी बोलतो त्याचे नाव तिथे लिहावे, एवढीच विनंती.